मुलींनो, पुढे या: बायकांच्या स्वतंत्र आणि अंडरग्राउंड संगीताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जणी महिन्यातून एका संध्याकाळी एकत्र बसून बायकांनी स्वतःच्या बळावर केलेलं संगीत ऐकतो. एक जण स्पीकर आणते, दुसरी चहाचा थर्मास. आमचं ऐकणं सगळ्यात जास्त रेंगाळलं ते दोन ठिकाणी: १९७६ नंतरचं लंडन आणि १९९० नंतरचं ऑलिंपिया, म्हणजे अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्याची छोटीशी राजधानी. तिथल्या गाण्यांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. स्वतंत्र संगीत आणि अंडरग्राउंड संगीत एकच का?

एकच नाही, पण दोघांची भिंत सामायिक आहे. स्वतंत्र म्हटलं की प्रश्न मालकीचा येतो. रेकॉर्डिंगचा खर्च कोणी केला, मूळ टेप कोणाच्या कपाटात आहे, मुखपृष्ठावर काय छापायचं हे कोण ठरवतं? अंडरग्राउंड म्हटलं की गाणं कोणत्या वाटेने पोचतं ते पाहायचं: रेडिओ-टीव्हीला वळसा घालून, हातोहात, तळघरांतून, भाड्याने घेतलेल्या हॉलमधून.

स्वतंत्र म्हणजे गोंगाट, असं समजू नका. अ‍ॅनी डिफ्रँकोने १९९० मध्ये बफेलो शहरात स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड छापून विकणारी कंपनी, काढलं, मोठ्या कंपन्यांना नकार दिला आणि पुढची सगळी वर्षं तिथूनच रेकॉर्ड काढल्या. ती एकटी गिटार घेऊन लोकगीतांच्या वळणाची गाणी गाते. पंकच्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या वेगवान, खडबडीत रॉकच्या, गोंगाटाशी तिच्या आवाजाचं नातं नाही, पण स्वतंत्रपणाचं तिच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

२. 'रायट गर्ल' हे बँडचं नाव आहे का?

नाही. ही १९९१ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिया आणि अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डीसी या दोन शहरांत मिळून उभी राहिलेली मुलींची चळवळ. ऑलिंपियात गायिका कॅथलीन हॅना, टोबी व्हेल, कॅथी विलकॉक्स आणि बिली कॅरन यांचा 'बिकिनी किल' हा बँड होता. अ‍ॅलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन ऑरेगनमध्ये शिकत होत्या. त्यांनी 'ब्रॅटमोबाइल' सुरू केला, पुढे एरिन स्मिथ त्यांना मिळाली. त्या वर्षी मे महिन्यात डीसीच्या माउंट प्लेझंट वस्तीत दंगल उसळली होती. मुलींचीही एक दंगल, इंग्रजीत 'रायट', व्हायला हवी, हे बोलणं त्याच हवेतलं. इंग्रजीत 'गर्ल' लिहिताना मध्ये तीन 'र' घालायची पद्धत टोबी व्हेलच्या 'जिगसॉ' या झीनमधून, म्हणजे घरी काढलेल्या पुस्तिकेतून (प्रश्न ५ पाहा), आली. त्यामुळे शब्द वाचताना गुरगुर ऐकू येते, आणि तीच हवी होती.

ऑगस्ट १९९१ मध्ये ऑलिंपियात इंटरनॅशनल पॉप अंडरग्राउंड कन्व्हेन्शन भरलं. त्याची पहिलीच रात्र मुलींच्या बँडसाठी राखून ठेवली होती. चळवळीच्या जन्माच्या बऱ्याच गोष्टी त्या रात्रीपासून सांगितल्या जातात.

३. मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

'द रेनकोट्स'पासून. अ‍ॅना दा सिल्वा आणि जीना बर्च लंडनच्या हॉर्न्सी कला महाविद्यालयात शिकताना भेटल्या, १९७७ मध्ये बँड केला आणि १९७९ मध्ये रफ ट्रेड या छोट्या लेबलवर पहिली रेकॉर्ड काढली. त्यात विकी अ‍ॅस्पिनॉलचं व्हायोलिन आहे. ते सुरांना मऊ करायला येत नाही, खरवडत जातं. चौघी एकमेकींचं ऐकत वाजवताहेत, मध्येच कोणी मागे पडते, बाकीच्या थांबून तिला सोबत घेतात, हे कानाला कळतं. पहिल्यांदा विस्कळीत वाटेल. तिसऱ्यांदा ऐका.

त्यानंतर लंडनच्याच 'एक्स-रे स्पेक्स' या बँडचा १९७८ चा अल्बम, मग बिकिनी किलची १९९२ ची छोटी रेकॉर्ड, आणि मग ऑलिंपियाच्या 'स्लीटर-किनी' या बँडचा १९९७ चा अल्बम. कान तापलेला असेल तर हाच क्रम उलटा चालतो.

४. यांना धड वाजवता येत नव्हतं, असं सगळे म्हणतात. खरं का?

काहींच्या बाबतीत सुरुवातीला खरं होतं, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. ब्रॅटमोबाइलला पहिल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा बँड बराचसा बोलण्यातच होता. तरी १४ फेब्रुवारी १९९१ रोजी त्या ऑलिंपियात स्टेजवर उभ्या राहिल्या. लंडनमध्ये 'द स्लिट्स' हा बँड १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हा गायिका एरी अप १४ वर्षांची होती.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारते: गिटार शिकायला मुलाला किती वर्षं मिळतात आणि मुलीला किती? गच्चीवर, मित्राच्या गॅरेजमध्ये, रात्री ११ पर्यंत बेसूर वाजवत बसायची मुभा कोणाला असते? वाजवायला शिकण्याआधीची ती बेसूर वर्षं मुलांची घरात जिरून जातात. या मुलींनी ती लोकांसमोर काढली. स्लिट्सचा १९७९ चा अल्बम ऐका. तीन वर्षांत रेगे या जमैकन संगीताचा ठेका अंगात मुरवून त्यांनी असं काही केलं की ते ना रेगे आहे ना पंक. त्यातला बास तालमीशिवाय येत नाही.

५. झीन म्हणजे काय?

हाताने लिहिलेली, कात्री-डिंकाने जुळवलेली, झेरॉक्स करून स्टेपल मारलेली पुस्तिका. साठच्या दशकातली आपली सायक्लोस्टाइलवर काढलेली अनियतकालिकं आठवा. तोच खटाटोप, तीच घाई. बिकिनी किलच्या झीनच्या दुसऱ्या अंकात १९९१ मध्ये रायट गर्लचा जाहीरनामा आला. घरात झालेली मारहाण, शाळेतला त्रास, स्वतःच्या शरीराची लाज, असं जे कोणाशी बोलता येत नव्हतं ते मुली यात लिहीत आणि टपालाने दुसऱ्या गावच्या अनोळखी मुलीला पाठवत. बँड न पाहताही चळवळीत येता येत होतं ते झीनमुळे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात आज या कागदांचा स्वतंत्र संग्रह आहे.

६. 'निर्वाणा' या अमेरिकन बँडच्या त्या प्रसिद्ध गाण्याचं नाव कॅथलीन हॅनाने दिलं, हे खरं का?

हो. तिने त्या बँडचा गायक कर्ट कोबेन याच्या खोलीच्या भिंतीवर एक वाक्य लिहिलं होतं, त्यात एका डिओडरंटचं नाव होतं. तेच गाण्याचं शीर्षक झालं. पण तिची ओळख एवढ्यावर थांबवू नका. तिची स्वतःची गाणी आहेत.

७. कार्यक्रमात मुलांना मागे जायला सांगत. हा मुलांवर अन्याय नव्हता का?

त्या काळातल्या पंक कार्यक्रमांत स्टेजसमोरची जागा धक्काबुक्कीची असे. धिप्पाड मुलगे एकमेकांवर आदळत, मुली कडेला कोट सांभाळत उभ्या राहत किंवा मागच्या भिंतीला टेकत. तिकीट सारखंच, दिसायचं मात्र नाही. हॅना माइकवरून मुलींना पुढे बोलवी आणि गाण्यांचे शब्द छापलेले कागद त्यांच्या हातात देई. मुलगे हॉलबाहेर जात नव्हते, चार रांगा मागे जात होते. यावरून तिला शिव्या पडल्या, अंगावर माणसं धावून आली.

मला यात अन्याय दिसत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या जवळ उभं राहायला मिळावं म्हणून जिने कधी कोपराने वाट काढली आहे, तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

८. बँडमध्ये एखादा पुरुष असेल तर तो बायकांचा बँड धरायचा का?

आम्ही धरतो, जर शब्द, चाल आणि निर्णय बायकांचे असतील. बिकिनी किलचा गिटारवादक बिली कॅरन पुरुषच. एक्स-रे स्पेक्समध्ये गायिका पॉली स्टायरीन आणि सुरुवातीला सॅक्सोफोन वाजवणारी लोरा लॉजिक सोडून बाकी पुरुष होते, पण गाणी पॉलीची होती. याच्या उलट, समोर गायिका उभी आणि शब्दांपासून कपड्यांपर्यंत सगळं दुसऱ्याने ठरवलेलं, असे बँडही खूप. ते चांगले असू शकतात; या यादीत बसत नाहीत इतकंच.

९. मोठ्या कंपनीने रेकॉर्ड काढली तर ती बाई स्वतंत्र राहते का?

इथे आमच्यात भांडणं होतात. हिशेबाने पाहिलं तर स्लिट्सचा पहिला अल्बम आयलंड या मोठ्या लेबलने काढला, एक्स-रे स्पेक्सचा ईएमआय या बड्या कंपनीने. कडक नियम लावला तर दोन्ही बाद. बिकिनी किलने पहिली कॅसेट १९९१ मध्ये स्वतः काढली, नंतरचं बहुतेक सगळं तेव्हा 'किल रॉक स्टार्स' या ऑलिंपियातल्याच लेबलवर निघालं.

मला वाटतं, तारीख बघावी. १९७७ मध्ये लंडनमध्ये छोटी लेबलं नुकती उगवत होती. रफ ट्रेड दुकान १९७६ चं, लेबल १९७८ चं. १९९१ मध्ये मात्र पर्याय होता, म्हणून तेव्हाच्या नकाराला वजन आहे.

रेनकोट्सची गोष्ट याहून गुंतागुंतीची. बँड मोडला, रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या. १९९२ मध्ये कर्ट कोबेन त्यांचा पहिला अल्बम शोधत लंडनमध्ये अ‍ॅना दा सिल्वा काम करत होती त्या जुन्या वस्तूंच्या दुकानापर्यंत गेला. त्यातून १९९३ मध्ये अल्बम पुन्हा निघाला, अमेरिकेत गेफेन या मोठ्या कंपनीच्या शाखेतर्फे, कोबेनच्या टिपणासह. म्हणजे मोठ्या कंपनीमुळेच तो माझ्यासारखीच्या हाती लागला. हे मी नाकारू शकत नाही.

१०. या मुलींनी पत्रकारांशी बोलणं बंद का केलं? त्यात त्यांचंच नुकसान झालं ना?

१९९२ मध्ये मोठी अमेरिकन वृत्तपत्रं आणि साप्ताहिकं अचानक या चळवळीकडे वळली. त्यांनी काय लिहिलं? केस, बूट, अंगावर मार्करने लिहिलेले शब्द. अत्याचाराबद्दलचं बोलणं बाजूला पडलं आणि उरली ती फॅशन. तेव्हा अनेक गटांनी ठरवलं की मुलाखती द्यायच्या नाहीत.

नुकसान झालं, हो. छोट्या गावातल्या एखाद्या मुलीला त्या चुकीच्या लेखातूनही पत्ता लागला असता. शिवाय त्या गप्प बसल्यावर त्यांच्या वतीने इतर बोलत राहिले. तरीही मी त्यांच्या बाजूची आहे. आपल्याबद्दलचं लेखन आपणच करायचं म्हणून झीन होते (प्रश्न ५ पाहा), आणि ते चालू राहिले.

११. ही फक्त गोऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलींची चळवळ नव्हती का?

बरीचशी होती. ही टीका बाहेरून आलेली नाही, आतल्याच मुलींनी केली. न्यू जर्सीतली कृष्णवर्णीय रमदाशा बिक्सीम शाळेत असतानाच 'गंक' नावाचा झीन काढत होती आणि पंकच्या गर्दीत एकटं पडण्याबद्दल लिहीत होती. मिमी थी न्युएन हिने १९९७ मध्ये पंकमधल्या वर्णभेदावर अनेकींचं लेखन एकत्र करून झीन काढला. न्यूयॉर्कमध्ये तमार-काली आणि तिच्या सोबतच्या कृष्णवर्णीय मुलींनी 'सिस्टा गर्ल रायट' नावाने स्वतःचे कार्यक्रम उभे केले.

आणि मुळाशी जाल तर पॉली स्टायरीन दिसते. वडील सोमाली, आई ब्रिटिश, दातांवर तारा, १९७७ मध्ये विशीतली पोरगी. जाहिराती, प्लास्टिक, बाजार यांत अडकलेल्या माणसाबद्दल तिने जे लिहिलं, ते आज मॉलमधून बाहेर पडताना आठवतं. पुढे ती हरे कृष्ण पंथात गेली. २०११ मध्ये वारली. पंकमधल्या बायकांचा इतिहास गोऱ्या मुलींपासून सुरू होतो असं कोणी म्हणालं, तर तिचं एक गाणं लावा.

१२. यात ट्रान्स स्त्रिया येतात का?

आमच्या बैठकीत येतात, चर्चेशिवाय. पूर्वी सगळीकडे असं नव्हतं. मिशिगनमध्ये १९७६ ते २०१५ या काळात बायकांचा एक मोठा संगीत महोत्सव भरे. जन्माने स्त्री असलेल्यांनाच तो अभिप्रेत आहे या धोरणावरून तिथे वर्षानुवर्षं निदर्शनं झाली. तिथे गायलेल्या काही कलावंतांवरही टीका झाली. हे झाकून ठेवू नये.

१३. गाण्याचा तुकडा दुसऱ्याने वापरला तर बाईला पैसे मिळतात का?

मिळायला हवेत. 'ईएसजी' या बँडचं काय झालं ते ऐका. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणी. पोरी रस्त्यावरच्या भानगडीत पडू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली. बास, ड्रम, कोंगा आणि आवाज, मध्ये भरपूर मोकळी जागा. १९८१ च्या त्यांच्या एका वाद्यगीताचा कर्कश सुरुवातीचा तुकडा हिप-हॉपवाल्यांनी इतक्यांदा उचलला की तो ऐकून तुम्हीही म्हणाल, हे कुठेतरी ऐकलंय. पैसे मात्र फारसे आले नाहीत. १९९२ च्या रेकॉर्डचं नावच त्यांनी ठेवलं: 'श्रेयनामावलीने आमची बिलं भागत नाहीत', अशा अर्थाचं.

तुमचं रेकॉर्डिंग वापरू द्यायचं असेल तर लेखी परवानगी आणि रक्कम आधी. कराराबद्दल पुढे प्रश्न १६ मध्ये.

१४. यात कोणी भारतीय आहे का? आणि मराठीत असं काही?

थेट रायट गर्लमध्ये, हो: १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये अंजली भाटिया या गायिकेचा 'व्हूडू क्वीन्स' बँड होता. सुपरमॉडेलच्या वेडावरचं त्यांचं १९९३ चं गाणं अजून ताजं आहे.

काश्मीरचं नावही घ्यायला हवं. श्रीनगरमधल्या तीन शाळकरी मुलींच्या 'प्रगाश' बँडने डिसेंबर २०१२ मध्ये स्पर्धेत बक्षीस मिळवलं. धमक्या आल्या, विरोधात फतवा निघाला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद झाला. त्यांनी काही चूक केली नव्हती.

चेन्नईच्या सोफिया अश्रफचं २०१५ चं रॅप कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याबद्दल होतं. कामगारांचा लढा जुना होता. गाण्याने तो जगभर पोचवला आणि २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली.

मराठीत शोधताना 'आपली रायट गर्ल कोण' असं विचारू नका, त्याने आपल्याच बायका लहान होतात. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात. त्यांचा आवाज मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंतून गावोगाव गेला, कोणत्याही लेबलचा आधार न घेता. 'माही जी' या नावाने रॅप करणाऱ्या मधुरा घाणे महादेव कोळी आदिवासी समाजातल्या. जंगल आणि तापतं हवामान हा त्यांचा विषय. दोघींच्या मागे आपापली परंपरा उभी आहे. ऑलिंपियाच्या शिक्क्याची त्यांना गरज नाही.

१५. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. या गाण्यांत शिव्या आहेत. ऐकू द्यावं का?

शिव्यांपेक्षा विषय जड आहेत हे लक्षात घ्या. बिकिनी किलच्या काही गाण्यांत घरात होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल उघड बोललं आहे. ती तिच्यासोबत बसून ऐका. तिने काही सांगितलं तर गाणं बंद करा आणि तिचं ऐका.

हलकी सुरुवात हवी असेल तर 'द लिंडा लिंडाज' हा मुलींचा बँड. मे २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी वाजवलेलं गाणं जगभर पाहिलं गेलं. वर्गातल्या एका मुलाने ड्रमर मुलीच्या चिनी वंशावरून तिला दुखावलं होतं, त्याला दिलेलं ते उत्तर. ड्रमर तेव्हा १० वर्षांची होती.

१६. ताई, मी स्वतः गाणी लिहिते. ती बाहेर काढताना काय सांभाळू?

गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून झालं की त्याचा कॉपीराइट भारतात आपोआप तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. मसुदे, तारखा, पहिली रेकॉर्डिंगं जपून ठेवा. नोंदणीचा उपयोग पुढे वाद झाला तर होतो.

करार वाचल्याशिवाय सही नको, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमचे' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द दिसले की थांबा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सहीने सोडून देता येत नाही. 'सगळ्याच मुली सही करतात' असं म्हणणारा भेटला, तर त्याला हे शांतपणे सांगा. शब्द-चाल तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या.

पैशाबद्दल स्पष्ट सांगते. स्पॉटिफायवर एखादं गाणं १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसे मिळत नाहीत. बँडकॅम्प ही गाणी थेट श्रोत्यांना विकता येतात अशी वेबसाइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेतं, उरलेलं, पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता, तुमचं. दोन्हीकडे ठेवा, पण ओळखीच्या ५० जणींना बँडकॅम्पचाच दुवा पाठवा.

आणि साउंडचेकला वेळेआधी जा. 'ताई, तुमचं गिटार कोण लावणार?' असं कोणी विचारलं तर स्वतः लावा.

१७. 'महिला कलाकार' असा वेगळा कप्पा कशाला? संगीत चांगलं असलं की झालं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, बऱ्याचदा चांगल्या मनाने. या बँडमधल्या अनेकींना स्वतःलाही तो कप्पा आवडत नव्हता. चार वेगळ्या तऱ्हांचे बँड केवळ बायका आहेत म्हणून एका वाक्यात कोंबले जात, याचा त्यांना वीट आला होता. मलाही रेनकोट्स आणि बिकिनी किल एकाच श्वासात घेताना अवघडल्यासारखं होतं. दोघींच्या संगीतात साम्य थोडं.

तरी आम्ही ही बैठक चालवतो, कारण कप्पा नसतो तेव्हा काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. पहिल्या वर्षी आम्ही घरातल्या रेकॉर्ड आणि कॅसेटींची यादी केली. माझ्या १४० पैकी बायकांच्या हातात वाद्य असलेल्या ९ निघाल्या, आणि मी स्वतःला जाणकार समजत होते. ज्या दिवशी तशी यादी करताना मोजायची गरज वाटणार नाही, त्या दिवशी बैठकीचं नाव बदलू.

१८. बैठकीला यायचं असेल तर काय आणायचं?

एक गाणं आणि त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकीचं नाव. फक्त गायिकेचं नाव चालत नाही. पामोलिव्ह नावाची स्पॅनिश ड्रमर, खरं नाव पलोमा रोमेरो, आधी स्लिट्समध्ये वाजवत होती आणि मग रेनकोट्सच्या पहिल्या अल्बमवर. त्या काळातल्या दोन मोठ्या बँडचा ठेका एकाच बाईच्या हातचा, आणि आमच्यापैकी कोणालाच ते वर्षभर माहीत नव्हतं. पुण्याच्या गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं होतं. आम्ही त्याच पद्धतीने फळ्यावर लिहितो: नाव, वाद्य, गाव. खडू आमच्याकडे असतो.